मुलगी एक, वेण्या दोन

कासमभाई बेलिफांनी माझी पहिली जप्ती केली तेव्हा मी सहा वर्षांची होते. पंचवटीतल्या आजोळच्या ओट्यावर मी नटूनथटून उभी, आणि समोर खाकी डगला, काळी टोपी, कानामागे पेन्सिल असा हा उंच माणूस. त्यांनी मला हात लावला नाही. आधी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना पंच म्हणून हाक मारली, मग मला गोल फिरायला सांगितलं आणि वहीत मोठ्याने बोलत लिहू लागले, "मुलगी एक. वेण्या दोन. रिबिनी तांबड्या. पुढचा दात एक कमी. उजवा गुडघा खरचटलेला, जुना."

आई संतापली. "माझी पोर म्हणजे काय भांडीकुंडी आहे?"

"नाय बाई," कासमभाई म्हणाले, "भांडं असतं तर एका ओळीत आटपलं असतं."

आई-वडिलांचा काडीमोड झाला होता. वडील नदीपलीकडे तांबट आळीत हंडे-घागरी ठोकत, आई माहेरी. भांडण उरलं होतं ते माझ्यावरून. कोर्टाने ठरवून दिलं की मुलगी आईकडे राहील, दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बापाकडे. दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली की हातघाईवर येत, म्हणून माझी ने-आण बेलिफाकडे आली. कासमभाईंचा सगळा जन्म लोकांच्या म्हशी, पलंग आणि समया उचलण्यात गेलेला. नेताना यादी करायची, देताना सही घ्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. मुलगी नेण्याची निराळी रीत असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि नाही सांगितलं हे फार बरं झालं.

नदीतल्या सखल दगडी सांडव्यावरून पलीकडे जाताना मात्र ते माझं बोट घट्ट धरत. मी रडले की म्हणत, "बेटा, कोर्टाचा माल रडत नाय." मला याचा इतका अभिमान वाटे की मी कोर्टाची आहे असं मी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

एकदा वडिलांनी मला खेळायला वीतभर घागर घडवून दिली. आईने ती दारातच अडवली. कासमभाईंनी वही पुढे केली. "यादीत चढलीय बाई. आता मलाबी काढता येत नाय, जज्जसाहेबालाबी नाय." असा काही कायदा नाही, हे मला पुढे खूप वर्षांनी एका वकिलाने सांगितलं.

तिसऱ्या वर्षी वडिलांनी दुसरं लग्न केलं. आता ते पोरीला ठेवून घेणार, असे कुणीतरी आईचे कान भरले. त्या रविवारी तिने मला पांघरुणात गुंडाळलं आणि दार अडवून उभी राहिली. "तिला ताप आहे."

कासमभाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पण वहीला टेकवली नाही.

"बाई, मी खोटं लिहीत नाय. आणि खरं लिहिलं तर हुकूम मोडला म्हणून तुमच्यावर अर्ज येईल, पोर कायमची तिकडं जाईल. मी नेतो, मीच आणतो. तीन वर्षांत एक रिबीन तरी हरवली का?"

आईने पांघरूण काढलं. मग माझ्या वेण्या घातल्या.

आणि तिची भीती खरी ठरली. पाच वाजता वडील म्हणाले, "आजपासून कुसुम इथेच राहील. काय करायचं ते करा." कासमभाई भांडले नाहीत. ऐरणीशेजारी फतकल मारून बसले आणि वही त्यांच्यापुढे धरली. "मग सही करा. मुलगी एक, आईला परत दिली नाय. पण यादी आधी वाचून घ्या."

वडील वाचू लागले. "वेण्या दोन. आईने रडत घातल्या. डावी सैल." ते तिथेच थांबले. मला जवळ ओढून त्यांनी डावी वेणी सोडली, घट्टे पडलेल्या बोटांनी पुन्हा घातली, फारच वाकडी, आणि माझा हात कासमभाईंच्या हातात दिला. ती बोटं आठवली की मला अजून रडू येतं.

आई सांडव्याच्या टोकाशीच उभी होती. कासमभाईंनी तिच्यासमोर यादीत दुरुस्ती केली, "डावी वेणी बापाने घातली." आईने ती दोन दिवस सोडली नाही.

माझ्या लग्नात ती दोघं एका मांडवात आली, दोन टोकांना का होईना. कासमभाई तोवर पेन्शनीत निघाले होते, नजर अधू झाली होती. पाठवणीच्या वेळी त्यांनी खिशातून वही काढून माझ्या नवऱ्याला अडवलं. "जावईबापू, सही केल्याशिवाय माल हलत नाय." सगळा मांडव हसला. ह्यांनी मुकाट्याने सही केली, आणि कासमभाईंनी ते पान फाडून माझ्या मुठीत दिलं.

पुढच्याच वर्षी ते गेले. पान मी जपून ठेवलं आहे. अक्षर वाकडंतिकडं, पण लागतं.

"मुलगी एक. दात सगळे. उजव्या गुडघ्यावर व्रण, जुना. आई हजर. बाप हजर."