सोनामावशींचा पाय लागलाच नव्हता

मी लष्कराच्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीवरच्या वैद्यकीय तुकडीत, नर्सिंग हवालदार होतो. नाईक उमाजी त्याच युनिटचा ड्रायव्हर आणि माझ्याच टेंभुर्णीचा. त्या वर्षी दोघांना एकाच वेळी वार्षिक रजा मिळाली. त्याच्या मृत्यूची जी कथा गावात सांगितली जाते, ती खोटी आहे. सांगणारे तेव्हा तिथे नव्हते; मी होतो.

रजेत एके दिवशी सकाळी सात वाजता बैलगाडी सोडताना बैलाने हिसका दिला. जू उमाजीच्या मानेवर डाव्या बाजूस बसले. मी तपासले. जखम नाही, सूज नाही. ‘लचकली आहे,’ असा निकाल देऊन मी गोळी दिली.

दहा वाजता दुखणे वाढले. घरच्यांनी सोनामावशींना बोलावले. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. अशा माणसाने पाय लावला की लचक उतरते, अशी आमच्याकडची समजूत.

“मावशी, लाथ हळू मारा. आजून लगीन व्हायचंय माझं,” उमाजी म्हणाला.

“तुझ्यासारख्या रेड्याला कोन पोरगी देऊन राह्यलं!”

मावशींनी पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“हवालदार, ह्याची डावी पापणी पडून राह्यली. हे माझ्या पायाचं काम न्हाई. जल्दी दवाखान्यात न्या.”

मी टॉर्च मारला. डावी बाहुली उजवीपेक्षा लहान होती. डोक्याला मार लागला की बाहुल्या पाहा, हे मी किती जवानांना शिकवले होते. मार मानेला होता, म्हणून मी पाहिल्या नव्हत्या.

जीपमध्ये त्याच्या उजव्या हातातून तांब्या निसटला.

औरंगाबादला दोन वाजता स्कॅन आणि अँजिओग्राफी झाली. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या धमनीचे आतले अस्तर फाटले होते. तिथे गुठळी धरून तिचे तुकडे मेंदूत गेले होते. गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन सुरू केले. सर्जन एवढेच म्हणाले, “हे सकाळी मिळायला हवं होतं.”

तिसऱ्या दिवशी उमाजी गेला.

गाव म्हणते, पायाळूच्या लाथेने शीर तुटली. बिलकुल खोटे. जे मला दिसायला हवे होते, ते त्या निरक्षर बाईला दिसले. तरीही त्यानंतर त्यांना कोणी बोलावले नाही.

अखेरच्या आजारात मावशींनी मला विचारले, “खरं सांग, माझा पाय लागल्ता का रे त्याला?”

“न्हाई मावशी. मीच त्याचे डोळे बघितले न्हाईत.”

त्यांनी माझा हात धरला. “इतकी वर्सं हे एकलाच घेऊन फिरून राह्यला व्हय, लेकरा?”

नाईक उमाजीच्या ॲम्ब्युलन्स गाडीतल्या जखमीला कधी धक्का बसला नाही. खड्डा दिसला की तो आधी मागे ओरडून सांगे. त्या दिवशी जीपमध्ये स्वतः आडवा होता, जीभ जड झाली होती. रस्ता त्याला पाठ होता. माझ्या मांडीवरून तो म्हणाला, “सांभाळ दादा. खड्डा.”