नारळाऐवजी अननस

नवरा जहाजावर इंजिनियर आहे म्हटलं की वर्सोव्यातल्या आमच्या बायका म्हणायच्या, "मजा आहे गो तुझी!" मजा कसली डोंबलाची! वर्षातले बहुतेक महिने हा पाण्यावर आणि मी अंधेरीच्या दोन खोल्यांत. त्यात मी कोळ्याची मुलगी. समुद्र काय चीज आहे ते मला कोणी शिकवायला नको. आमच्यात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मगच पाण्यात घालतात. मी शाळेत असताना एका वर्षी आभाळ आठवडाभर स्वच्छ राहिलं, म्हणून माझा बा पौर्णिमेआधीच निघाला. होडी सापडली, इंजिन बंद पडलेली. बा नाही सापडला.

म्हणून लग्न झाल्यापासून माझं एकच टुमणं, जहाज सोड. हा मालवणचा. ऐकल्यासारखं करायचा आणि बॅग भरायला घ्यायचा. शेवटी त्याला अंधेरीतल्याच एका कारखान्यात नोकरी चालून आली, ते थांबायलाही तयार होते, तेव्हा मला म्हणाला, "या खेपेला तू माझ्याबरोबर चल. परत आल्यावर तू सांगशील तसं करू. सोड म्हणालीस तर सोडीन, आईशप्पथ." त्या काळात जहाजावरच्या अधिकाऱ्यांना बायकोला बरोबर नेता यायचं. मी मसाल्याची बरणी आणि सुके बोंबील घेऊन चढले. उत्तर तर माझं ठरलेलंच होतं.

जहाजाची मला भीती वाटली नाही. ती आपली एक बिल्डिंगच, फक्त तरंगणारी. पण अटलांटिकच्या मध्यात तिच्या इंजिनाने मान टाकली. हा खाली गेला तो वर यायचं नावच घेईना. आला तेव्हा तेलाने काळाकुट्ट, नुसते डोळे दिसत होते. "चालेल हळूहळू, बंदरापर्यंत," एवढं बोलला आणि तसाच जमिनीवर झोपला. खरंच रडतखडत आम्ही एका बंदराला लागलो. ती पोर्तुगालची बेटं होती, अझोर्स. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर आले आणि त्यांचीच बेटं झाली. इंजिनाचा भाग लिस्बनहून यायचा होता, तोवर काम नाही. कॅप्टन म्हणाला, जा, बायकोला फिरवून आण.

पोर्तुगीज म्हटलं की मला वर्सोव्यासमोरचा, त्यांनीच बांधलेला मढचा किल्ला आठवायचा. हे लोक एवढ्या देखण्या देशाचे असतील असं वाटलं नव्हतं. मग आमच्याकडे कशाला कडमडले होते कोण जाणे! पहिल्याच दिवशी टॅक्सीवाल्याने डोंगराच्या कडेवर नेऊन उभं केलं. खाली दोन तळी, एक निळं, एक हिरवं, मध्ये फक्त एक पूल. नवरा म्हणाला, "हे ज्वालामुखीचं तोंड." त्या तोंडात गाव होतं, गाई होत्या, चर्च होतं. बायका बिनधास्त कपडे वाळत घालत होत्या. मी तर बघतच राहिले.

पुढच्या गावात जमिनीतून वाफा येत होत्या. वास थेट माहुलचा, माझी मावशी राहायची तिथल्या रिफायनरीसारखा. तिथे गरम मातीत खड्डा करून मांस-भाजीचं पातेलं पुरतात, वर मातीचा ढीग करतात आणि दुपारी उकरून काढतात. ना आग, ना धूर. आम्ही अंधेरीत गॅसचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि यांना देवाने जमिनीतच शेगडी पेटवून दिलेली, तीही फुकट! मी त्या जेवणावर आमचा मसाला भुरभुरवला. टॅक्सीवाल्यानेही मागून घेतला आणि डोळे पुसत पुसत पुन्हा हात पुढे केला. झकास माणूस.

मग छोट्या विमानाने फायाल नावाच्या बेटावर गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या फुलांचं कुंपण, मैलोन्मैल. टोकाला एक दीपस्तंभ, खालचा मजला राखेत गाडलेला. नवऱ्याने सांगितलं, काही वर्षांपूर्वी समोर समुद्रातून आग वर आली आणि गावावर राख पडत राहिली. कितीतरी लोक देश सोडून गेले. आणि जे राहिले त्यांनी तीच राख झाडून पुन्हा घरं उभी केली. काय छातीची माणसं असतील! मी त्या दीपस्तंभाला हात जोडले.

त्या बेटाच्या समोरच पिको. समुद्रातून सरळ वर गेलेला एकच डोंगर, कमरेला ढग. नवरा म्हणाला, उद्या पलीकडे जायचं. सकाळी धक्क्यावर गेलो तर तिथे लाकडी लाँच, आमच्या मढच्या फेरीबोटीएवढी. मी धक्क्यावरच बसले.

"काय झाला गो?" घाबरला की त्याच्या तोंडून मालवणी यायची.

"पौर्णिमा व्हायचीय अजून."

"अगं, हा अटलांटिक आहे. इथे कुठली नारळी पौर्णिमा?"

"दर्या तो दर्याच. नारळ दिल्याशिवाय मी होडीत पाय ठेवणार नाही. तू जा हवं तर." आणि मग म्हटलं, "नको, तूही जाऊ नकोस."

दुसरा कोणी असता तर हसला असता नाहीतर ओरडला असता. हा धक्क्यावरच्या दुकानांतून नारळ शोधत पळत सुटला. बंदराबंदरातून उचललेली मोडकीतोडकी पोर्तुगीज त्याला येत होती. घामाघूम होऊन रिकाम्या हाताने परत आला. लाँचवाला आमच्यासाठी इंजिन बंद करून थांबला होता. आत काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं काय झालं. याने सांगितलं, आमच्यात आधी समुद्राला फळ देतात, हिचा बाप ते न देताच गेला आणि परत आला नाही. म्हातारीने टोपलीत हात घातला आणि त्या बेटांवरच पिकणारा एक अननस माझ्या हातात ठेवला.

मी पदर डोक्यावर घेतला, पर्समधलं कुंकू अननसाला लावलं. "दर्यादेवा, नारळ नाही रे मिळाला. हे गोड मानून घे. माझ्या माणसाला सांभाळ." आणि दिला सोडून. तो कसला बुडतोय! शेंडी वर करून लाटांवर डोलत निघाला. लाँचवाल्याने टोपी काढली, म्हातारीने छातीवर क्रूस केला. मला आधी हसू फुटलं, मग बा आठवला आणि मी धक्क्यावरच भोकाड पसरलं.

मग चढले. होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले. पिको ढगातून मोकळा होत होता, काळा, उंच. नवरा पुढच्या टोकाला तोंड उघडं टाकून उभा होता. मी म्हटलं, "एवढं काय बघतोयस? तुझं रोजचंच ना?"

"रोजचं कुठलं? मी दिवसभर खाली इंजिनाजवळ असतो. वर येतो ते झोपायला. समुद्र मी धड आजच बघतोय."

मी चाट पडले. इतकी वर्षं मी या समुद्राला सवत समजून भांडत होते! "मग सोडत का नाहीस रे?"

तो म्हणाला, "इंजिन चालू राहिलं की वरची सगळी माणसं घरी पोचतात गं. तेवढंच मला येतं."

बाच्या होडीवर असा एक माणूस हवा होता. पिकोवर दिवसभर काळ्या दगडांच्या बांधांमधून फिरलो, त्या बांधांच्या उबेला द्राक्षं वाढतात. मी ती बघत होते आणि याच्याकडे बघत होते, आणि मला हा माणूस इतका आवडला की काय सांगू.

जहाज दुरुस्त झालं, पुढच्या मोठ्या बंदरातून आम्ही विमानाने घरी आलो. आठवड्याभरात पौर्णिमा आली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मी नारळ सोडला. हा शेजारी उभा होता. कारखान्याला उत्तर द्यायचं होतं.

"मग? काय सांगू त्यांना?"

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "तू जा. पण दरवर्षी नारळ दिल्यावर. त्याच्या आधी पाय उचललास तर तंगडं मोडीन."