कुप्पमातली घरभेट

ज्या घरात मी पाऊल टाकलं नाही, त्या घराला भेट दिली असं मी शाळेच्या वहीत लिहिलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि तिला तर मी नको तेही सांगून बसतो.

त्यात काय एवढं, म्हणाल? ऐका तर. साठ साल जवळ आलं होतं. मद्रासच्या एका शाळेत मी पाचवीचा मास्तर. जी मुलं यायची बंद होतात त्यांच्या घरी जायचं, अडचण विचारायची, जमेल तशी सोडवायची — हे काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. "राव, तुम्ही दगडालाही बोलतं कराल!" मी फुगलो. पंधरा-वीस घरं केलीही — सगळी मैलापुरातली, आमच्याच आजूबाजूची, जिथे ओसरीवर बसताच कॉफी यायची.

मग सेल्वी यायची थांबली. समुद्रकाठच्या कुप्पमातली, म्हणजे तिथल्या कोळीवाड्यातली, कोळ्याची पोर. फळ्यावरच्या गणितात माझ्या चुका काढायची — आणि त्या असायच्याही.

तिच्या घरी निघालो त्या दिवशीची गोष्ट माझ्या मित्रांना पाठ आहे. गल्लीच्या तोंडाशी काळा कुत्रा, माझी धूम, सुटलेली वेष्टी — म्हणजे धोतरच —, चिखलात राहिलेली चप्पल. पहिल्यांदा सांगितली तेव्हा कुत्रा गुडघ्याएवढा होता. पुढे कमरेपर्यंत आला. लोक पोट धरून हसायचे. सगळ्यांत जास्त मीच.

कुत्रा नव्हता.

दारात सेल्वीची आई उभी होती. मास्तर येणार म्हणून कुणाकडून तरी मागून आणलेली खुर्ची बाहेर मांडलेली, आणि तिच्या हातात पाण्याचा चंबू — घासून लख्ख केलेला. त्या चंबूत मला काय दिसलं सांगू? आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा. तंजावरहून आलेलं आईचं सोवळं. ते पाणी प्यालो तर घरी आधी आंघोळ, नवं जानवं, आणि वर आईचं ते न बोलता बघणं. नाही प्यालो तर या बाईला तोंडावर नाही म्हणायचं. दोन्हींची छाती नव्हती — मग काय केलं? वळलो. भराभरा. चप्पल चिखलात राहिली, तेवढं मात्र खरं.

आणि वर्गात? 'सर्व माणसे समान' — हे मी दर सोमवारी फळ्यावर लिहायचो. अक्षर सुरेख होतं माझं.

वहीत लिहिलं, 'भेट दिली. मुलीला शिकवण्याची पालकांची इच्छा नाही.' महिनाअखेर सेल्वीचं नाव कमी झालं.

पाच-सहा वर्षांनी, प्रवेशाच्या दिवसांत, ती माझ्या टेबलापुढे उभी राहिली. हाताला धरलेली एक चिमुरडी. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं.

"राव सार, ही माझी बहीण. तेव्हा तान्ही होती. आई मासे विकायला जायची, हिला सांभाळायला मी. हिला घेऊन वर्गात बसू द्याल का, एवढंच आई तुम्हांला विचारणार होती."

एवढंच! माझ्याच वर्गात दोन मुली तेव्हा भावंडं मांडीवर घेऊन बसायच्या. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक शब्द — आणि मी म्हणे दगडालाही बोलतं करणारा.

तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? पण जीभ सवयीच्या वाटेने गेली. "अगं, मी आलो होतो. गल्लीच्या तोंडाशी एक काळा कुत्रा..." हातवारेसुद्धा केले. चिमुरडी हसली.

सेल्वी हसली नाही. बहिणीचा अर्ज माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "कुत्रा कुठला, सार? त्याला घालायला आमच्याकडे होतं काय? तुम्ही आईच्या पाण्याला भ्यालात."