शेषेराव काका पिक्चर ऐकतात

परभणीच्या थिएटरात दिवे मालवले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. धोतर, गळ्यात तुळशीची माळ, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. पिक्चर जटायूवरचा होता. पडद्यावर रावणाचं विमान काय उडत होतं, पुढच्या रांगेतली माणसं शिट्ट्या काय मारत होती, पण या गृहस्थांनी पापणी म्हणून हलवली नाही. माझ्या पलीकडे नदीम बसला होता. त्याला काही राहवेना.

"काका, झोपायचं तर घरी झोपायचं ना. तिकीट कशाला काढलं?" तो माझ्या अंगावरून वाकून म्हणाला.

"जागाच हाय," डोळे न उघडता उत्तर आलं. "मी बघत न्हाई. आइकायलोय. तुमी बी गप बसा."

शेषेराव काकांची आणि आमची ही पहिली भेट. ते पेडगावचे, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि नदीमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही दोघं या पिक्चरच्या संगीतकाराचे भक्त. नदीम त्यांना 'उस्ताद' म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. पिक्चर यायच्या आधीच त्याची गाणी आम्ही इतक्या वेळा ऐकली होती, की दुकानात आलेली गिऱ्हाइकं वैतागून निघून जायची.

पिक्चर सुटल्यावर आम्ही काकांना चहाला नेलं. खरं तर त्यांची थोडी टिंगल करावी असा आमचा बेत होता. नदीमने नेहमीचं सुरू केलं. रावण येतो तेव्हा ढोल कसे एकावर एक चढत जातात, सीतेच्या हाकेनंतर उस्तादांनी सगळी वाद्यं कशी बंद केली वगैरे. काकांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "पंख तुटल्यावर काय झालं, ते सांगा."

"काय झालं? बासरी वाजली," मी म्हणालो.

"बासरी तर पहिल्यापासूनच हाय. पंख तुटला तसे तिचे वरचे दोन सूर तोडले की तुमच्या उस्तादानं. पाखरू आधी वरपर्यंत जायचं, आता खालच्या खालीच फिरायलंय. ध्यानात आलं न्हाई?"

आमच्या ध्यानात आलं नव्हतं. नदीमने तिथेच मोबाइल काढून गाणं लावलं आणि आम्ही तिघं टेबलावर डोकी टेकवून ऐकत बसलो. काका म्हणत होते ते अगदी खरं होतं. टिंगलीचा बेत आम्ही मुकाट्याने गुंडाळला.

पण त्यांचं संपलं नव्हतं. "शेवटाला राम त्याला मांडीवर घेतो, तवा जी चाल लागते, ती मातर आमची हाय," ते म्हणाले. "माझ्या आबाची. तुमच्या उस्तादानं उचलली."

आबा म्हणजे त्यांचे वडील. पेडगावात एकादशीच्या भजनाचा शेवट होतो तो याच चालीवर. गावात कुणी गेलं की मंडळ तिरडीमागे हीच चाल म्हणत जातं. तिला नावच 'आबाची चाल'. आबांना ती ध्यानात बसून सापडली, अशी गावाची समजूत. उस्तादांवर चोरीचा आळ म्हटल्यावर नदीमचे कान लाल झाले.

"काका, उलटंही असेल ना. तुमचीच चाल एखाद्या पिक्चरमधून आली असेल!"

हॉटेलात असतील नसतील ती माणसं वळून बघायला लागली, इतक्या जोरात काकांनी बशी आदळली. "माझ्या पेटीतून आजवर पिक्चरची चाल निघाली न्हाई. माणिक माझा लंगोटीयार, पिक्चरच्या चालीत अभंग बसवू म्हणला, तर त्याला मंडळातून उठवला मी. ही चाल पिक्चरची निघाली तर पेटीला परत हात लावणार न्हाई. लिहून घ्या!"

लिहून कुणी घेतलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

एवढं भांडण होऊनही पुढच्या आठवड्यात काका दुकानात हजर. शहरात बियाणं घ्यायला आलो होतो म्हणाले, पण पिशवी रिकामीच होती. मग दर आठवड्याला ते यायचे. पिक्चरही आम्ही मिळून आणखी दोनदा पाहिला. म्हणजे दोघांनी पाहिला, एकाने ऐकला. मधेच ते माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणत, "आता बघा, आता सारंगी रडंल. पण लय न्हाई रडणार. शहाणी हाय ती." एखाद्या ठिकाणी वाद्यांची फारच गर्दी झाली तर कपाळाला आठी घालून, "इथं बाजार भरवला बगा उस्तादानं," असा शेरा. नदीम चिडायचा आणि घरी जाऊन तोच तुकडा पुन्हा ऐकायचा. कुणी विचारलं, काका, एवढे पैसे देऊन डोळे का मिटता, की ठरलेलं उत्तर: "डोळे उघडले की कान मिटते. आबानं शिकवलंय." मला हा माणूस फार आवडायला लागला होता.

आणि नेमकं तेव्हाच उस्तादांच्या मुलाखतीचा व्हिडिओ नदीमच्या हाती लागला. त्यात उस्तादांनी सरळ सांगितलं होतं: लहानपणी तंबूतल्या सिनेमात एक जुना पौराणिक चित्रपट पाहिला, शेवटची चाल त्यातली. त्या चित्रपटाची रिळं आता कुठेच उरली नाहीत, म्हणून त्या चालीला हात जोडून इथे जागा दिली.

मला वाटलं नदीम नाचेल. त्याने मोबाइल उलटा करून काउंटरवर ठेवला. "भाऊ, हे आपण बघितलंच नाही. काकांनी पेटी सोडली तर?" मलाही तेच वाटत होतं. आमचं एकमत झालं आणि आम्ही गप्प बसलो.

गप्प बसणं चार दिवसही जमलं नाही. काका कोरे कागद घेऊन आले. "भाऊसाहेब, तुमचं अक्षर चांगलं हाय. उस्तादाला पत्र लिहा. चाल पेडगावची हाय, आबाचं नाव लावा, येवढंच." त्यांनी चष्मा पुसून मला दिलासुद्धा, जणू पत्र लिहायला त्यांचाच चष्मा लागणार होता. आता खोटं पत्र लिहिणं आलं किंवा खरं सांगणं आलं. मी नदीमकडे पाहिलं. त्याने व्हिडिओ लावला.

काकांनी तो डोळे मिटून ऐकला, दोन वेळा. मग म्हणाले, "माणूस खोटा वाटत न्हाई. पण आबा बी खोटा नव्हता. बोरीला जाऊ. गयाआक्काला इचारू." गयाआक्का त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, बोरीला दिलेली.

रविवारी आम्ही तिघं एसटीने बोरीला गेलो. आक्का ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. नदीमने मोबाइल पुढे धरून चाल लावली. आक्कांची बोटं सुपात थांबली.

"शेषा, ही तर तंबूतली," त्या म्हणाल्या. "माझं लगीन झालं त्या साली बोरीत तंबूचा सिनेमा आला होता. आबा मला भेटायला म्हणून आला आन आठ दिवस ऱ्हायला. आमी सासरचे समदे आत बसलो. भायेर येऊन बघते तर आबा कनातीमागं हुभा, डोळे मिटून. म्हणलं, आबा, आत यावं की! तर म्हणला, 'माळकरी माणसानं सिनेमा बघू नाई, गयाबाई. मी बघत न्हाई. आइकायलोय.'"

नदीमने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे बघायचं टाळलं.

"रोज संध्याकाळी कनातीमागं. रोज तीच जागा," आक्का सांगत होत्या. "मला गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून. आता आबा बी न्हाई, तंबू बी न्हाई. आता सांगितलं तर काय बिघडते?"

काकांनी मान खाली घातली. मला स्वतःचा राग यायला लागला होता. एका म्हाताऱ्या माणसाचा बाप आम्ही खोटा ठरवला होता आणि वर त्याची पेटीही हिसकावून घेतली होती. तेवढ्यात काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. उपरण्याने डोळे पुसत, मधेच ठसका लागून, पुन्हा हसत होते.

"लबाड माणूस गं आक्का! माळ बी मोडली न्हाई आन पिक्चर बी सोडला न्हाई! आन मी समजायलोय, आबानं इद्या दिली डोळे मिटायची!"

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्याही हसायला लागल्या. मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पेडगावला उतरल्यावर काका स्वतःच्या घरी न जाता माणिकरावांच्या दारात गेले. आम्ही मागे. वीस वर्षं या दोघांचं बोलणं नव्हतं. काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, कनातीसकट. मग म्हणाले, "मी चुकलो, माणक्या. एकादशीला पेटी तू वाजव."

माणिकरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आन तू काय करणार?"

"झांज."

"काही तरीच बोलायलास. पेटी तुझीच."

"शबुद दिलाय भर हाटेलात. आन झांजेत काय कमी हाय?"

त्या एकादशीला आम्ही दोघं पेडगावला गेलो. काकांनी भरल्या मंडळात आबांची गोष्ट सांगितली तेव्हा आधी एक म्हातारा खुदकन हसला आणि मग सगळं देऊळ हसलं. शेवटी माणिकरावांनी आबाची चाल धरली. त्यांचा हात जड, दोनदा चुकले. काका झांजेवर होते, चेहऱ्यावर कसलीही तक्रार नव्हती. फक्त झांज थांबली की त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर पेटी वाजवत होती.

काकांनी पेटीला पुन्हा हात लावला नाही. माझी पुढे लातूरला बदली झाली. नदीमचा अजून फोन येतो. माणिकराव आता चुकत नाहीत, असं तो सांगतो.

पण बदलीच्या आधी एकदा आम्ही सगळे थिएटरात गेलो होतो. पिक्चरचा शेवटचा आठवडा होता. काकांनी आक्कांनाही बोरीहून आणलं होतं. दिवे गेले आणि मी सवयीने काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे टक्क उघडे. रावण आला, ढोल चढत गेले, पंख तुटला, रामाने जटायूला मांडीवर घेतलं. काका पापणी न लववता बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. एका हातात त्यांनी आक्कांचा हात धरला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, आज कशी वाटली चाल?"

"चाल?" ते क्षणभर गोंधळले. मग हसले. "आज आइकायचंच ऱ्हायलं बगा. आबाचं बघायचं ऱ्हायलं होतं, ते बघत बसलो."