डॉल्फिनचा श्वास

सकाळच्या कोवळ्या उजेडात आमची बोट फियॉर्डमध्ये, म्हणजे उंच डोंगरांच्या मधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यात, संथ उभी होती. रात्र आम्ही बोटीवरच काढली होती. बाबा माझ्याकडे न्यूझीलंडला आले, त्याआधीच त्यांची नजर जवळजवळ गेली होती. "मला कशाला नेतेस? माझी जागा एखाद्या बघणाऱ्याला दे," असं ते निघताना म्हणाले होते. मी हट्टानं त्यांना आणलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि सगळे फोन घेऊन कठड्याकडे धावले. डॉल्फिन आले होते. मी बाबांना हाताला धरून कठड्यापाशी नेलं आणि सांगू लागले, "करडी पाठ दिसतेय, बाबा. शेजारी पिल्लू आहे." माझे शब्द मलाच अपुरे वाटत होते.

"थांब जरा," ते म्हणाले.

अगदी आमच्या खाली पाणी फुटलं, फुस्सकन श्वास सुटला आणि त्याचे तुषार बाबांच्या तोंडावर उडाले. ते दचकले आणि मग मोठ्यानं हसले. नजर गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

"अगं, याच्या श्वासाला बांगड्याचा वास येतोय!"

आपण बघायला म्हणून इतक्या लांब येतो. कुणाचा श्वास असा आपल्या गालापर्यंत पोचेल, हे ध्यानीमनीही नसतं.

मी रुमाल पुढे केला. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला सारला.

"राहू दे गं," ते म्हणाले, "वाळेल आपोआप."