कबनूरच्या आठवीला दिसलेली पेशी

अरुणाबाई मगदूम वीसेक वर्षं आठवीला पेशी शिकवत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही पोराला पेशी दाखवली नव्हती. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. फळ्यावर विटांची भिंत काढायची, प्रत्येक विटेत एक ठिपका द्यायचा, ठिपक्याला बाण मारून ‘केंद्रक’ लिहायचं, की झाला धडा. पोरं वह्यांत विटा काढायची. कबनूरची पोरं, शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचे कारखाने. ‘पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक आहे’ हे वाक्य ती मागाच्या खडखडाटाच्या ठेक्यावर असं काही म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, चांगली दहा-बारा वार पेशी विणून झाली असेल.

बाईंना मात्र ते दर वर्षी लागायचं. त्यांनी स्वतः पेशी पाहिली होती ना! बाई जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. घरात कांदा शिरत नाही, आजही नाही. आयुष्यातला पहिला कांदा त्यांनी हातात धरला तो कोल्हापुरात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तोही नाक मुरडत. त्याचा पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि भिंगाला डोळा लावला. आत खोल्याच खोल्या, एकीला लागून दुसरी. एवढ्या गुपचूप, एवढ्या नीटनेटक्या, की त्यांना एकदम रडूच आलं. शेजारी उभी असलेली मैत्रीण भाग्यश्री हसत सुटली, ‘‘अगं, कांदा चिरला नाहीस अजून!’’ त्या दिवशी अरुणाबाईंनी ठरवलं, आपण हे दाखवणारी बाई व्हायचं. झाल्या त्या विटा काढणारी बाई.

शाळेत सूक्ष्मदर्शक होता, नाही असं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात तो करंडक आणि ढाली यांच्या मधोमध उभा होता. त्याचं वरचं भिंग कुणी, कधी नेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ते नाही हे एकदा कागदावर आलं असतं तर कुणाला तरी जबाबदार धरावं लागलं असतं, म्हणून तो कपाटातच बरा होता. मुख्याध्यापक उदयसिंह सर माणूस वाईट नव्हते. ‘‘मॅडम, परीक्षेत आकृती येती. आकृती काढाय येती का पोरांना? मग झालं की,’’ एवढंच ते म्हणायचे. घरी नवरा अभिनंदन, सुताचा दलाल, तोही तेच म्हणायचा. सगळं जग आकृतीवर खूश होतं. बाईंनीही शेवटी हात टेकले होते.

मग त्या वर्षी वर्गात राजनंदिनी आली. जॉबरची पोरगी. जॉबर म्हणजे माग बिघडला की खोलून नीट करणारा माणूस. लहानपणापासून बापाच्या मागं पाने आणि तेलाची बुधली घेऊन फिरलेली ही पोरगी कुठलीही गोष्ट आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय मानायची नाही. फळ्यावर विटा काढून झाल्या तशी ती उभी राहिली.

‘‘बाई, तुमी बघितलीसा व्हय पेशी? सोताच्या डोळ्यानं?’’

‘‘बघितलीय.’’

‘‘मग आमाला का न्हाय दावत?’’

वर्ग हसला. बाईंना हसू आलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारं हे पहिलंच पोर होतं.

पावसाळा सरता सरता कळलं, की राजनंदिनीची शाळा दसऱ्यापर्यंतच आहे. तिची आई बनाबाई कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणाऱ्या नळ्यांवर दिवसभर बसून सूत गुंडाळायची. तिची कंबर गेली, बसवेना. मालकानं सांगितलं होतं, बनाबाईच्या जागी कुणीतरी बसवा, नाहीतर खोली सोडा. खोली कारखान्याचीच होती, बनाबाईच्या कामापोटी मिळालेली. दसऱ्याच्या मुहूर्तावर पोरगी कांडीवर बसणार होती. बाई त्यांच्या खोलीवर गेल्या. तास-दोन तास बोलल्या, चिडल्या, कायदा सांगितला, हात जोडले. बनाबाई पडल्या पडल्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘बाई, तुमी म्हंतासा ते समदं खरं हाय. पर आमी ऱ्हायाचं कुठं?’’ बाई उठल्या. राजनंदिनी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आली आणि जाताना म्हणाली, ‘‘बाई, त्येवढी पेशी दावा की जायच्या आदी.’’

त्या पोरीची शाळा वाचवणं बाईंच्या हातात नव्हतं. पण ही एक गोष्ट होती. तिनं एकदा, आपल्या डोळ्यांनी, पेशी बघून जायची. बाईंनी ते असं मनावर घेतलं, की रात्री झोप लागेना. एवढंसुद्धा जमलं नाही तर आपण इतकी वर्षं नुसती खडूची धूळ खाल्ली, असं त्यांना वाटायला लागलं.

भाग्यश्री आता कोल्हापुरात कॉलेजात शिकवत होती, राहायला शिवाजी पेठेत. तिच्याकडं तिचा स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता. बाई रविवारी तिच्या घरी गेल्या. भाग्यश्रीनं कांद्याचा पापुद्रा लावून दाखवला. खोल्याच खोल्या, अगदी तशाच. ‘‘ने,’’ भाग्यश्री म्हणाली, ‘‘फक्त भिंगाला बोट लावू देऊ नकोस कुणाला.’’ बाई एसटीतून ती पेटी मांडीवर घेऊन आल्या, बाळंतीण बाळ घेऊन येते तशा.

दाखवायचा दिवस ठरला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवसाचा. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, म्हणून शाळेतलं पाटीपूजन त्याच दिवशी होतं. राजनंदिनीचा तो शाळेतला शेवटचा दिवस. ती नवा ड्रेस घालून आली होती. कांदाही तिनंच आणला, बाईंच्या घरात कुठला असणार! बाईंनी पेटी उघडून सूक्ष्मदर्शक विज्ञानाच्या खोलीत टेबलावर ठेवला. पोरं गोल करून उभी राहिली, कुणी हात लावेना.

‘‘बाई, ह्येचीबी पूजा करायची का?’’ विश्वजितनं विचारलं.

‘‘करा की. फूल वाहा,’’ बाई म्हणाल्या. त्या इतक्या आनंदात होत्या, की नाही म्हणणं त्यांना सुचलंच नाही.

एवढ्यात उदयसिंह सरांचं बोलावणं आलं. सुट्टीच्या आधी शाळेची कसली तरी माहिती ऑनलाइन भरायची होती, आजच, आत्ताच. बाईंनी खोलीची किल्ली राजनंदिनीच्या हातात दिली. ‘‘तू सांभाळ. मी आलेच.’’ कॉम्प्युटरवर ते चाक गरगर फिरत राहिलं. पान उघडायचं, माहिती भरायची, शेवटचं बटण दाबलं की पुन्हा पहिलं पान. बाईंचे दोन तास तिथं गेले. आणि भरायचं काय होतं? शाळेत प्रयोगशाळा आहे का, साहित्य सुस्थितीत आहे का. सरांनी मागून सांगितलं, ‘‘हो टाका, हो.’’ बाईंनी टाकलं.

परत आल्या तेव्हा खोली झाडून काढलेली होती. टेबलाला आंब्याचा डहाळा, सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, पुढं नारळ. आणि सूक्ष्मदर्शक लखलखत होता, नव्या पितळी भांड्यासारखा.

‘‘बाई, बगा,’’ राजनंदिनी पुढं आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. ‘‘नुसतं कुंकू लावून कसं चालंल? मशीन हाय न्हवं ते. घरला जाऊन आण्णांची बुधली आणली. खालची भिंगाची तिन्ही बोंडं फिरवून काडली, राकेलात धुतली, आतनं तेल सोडलं आन् परत आवळली. पयला तेल, मग पूजा. आमच्यात बिनतेलाची मशीन पुजत न्हाईत, बाई. आता बगा कसं सरसर फिरतंय!’’

तिनं स्क्रू फिरवून दाखवला. खरंच सरसर फिरत होता.

भाग्यश्रीनं बजावलेलं बाईंना आठवलं. त्यांनी कांदा उचलला. कांद्याचा पापुद्रा सोलला, पट्टीवर ठेवला, आयोडीन टाकलं. डोळा लावला. आत दुधाळ उजेड होता आणि त्यात रंगीत गोल तरंगत होते, डबक्यावर तेल पडल्यावर दिसतात तसले. दुसरं भिंग फिरवलं, तेच. तिसरंही तेच. साडीच्या पदरानं, मग रुमालानं, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. वरची काच स्वच्छ झाली, पण तेल भिंगाच्या आत, काचेकाचेच्या मधे उतरलं होतं. तिथं कुणाचं बोट पोचणार?

मागं पोरं ओळीनं उभी होती, कुजबुजत, एकमेकाला ढकलत. ओळीत पहिला विश्वजित आणि सगळ्यात शेवटी राजनंदिनी, कारण तिला शांतपणे, पुष्कळ वेळ बघायचं होतं. तिला काय सांगायचं? ‘तू पुजलंस त्यानंच गेलं’ असं सांगायचं, आणि तेही आज? बाई वळल्या, काहीतरी सांगावं, उद्यावर ढकलावं, पण उद्या कुठला? तेवढ्यात दारातून उदयसिंह सर मोबाईल घेऊन आत आले.

‘‘वा वा! चला मॅडम, दाखवा पोरांना. फोटो काढतो, ग्रुपवर टाकायचाय. हं, ये रे. डोळा लाव. दिसली का पेशी?’’

विश्वजितनं डोळा लावला. सरांकडं बघितलं, बाईंकडं बघितलं.

‘‘दिसली सर.’’

‘‘शाब्बास!’’ सर म्हणाले आणि बाईंकडं बघायला लागले. बाईंच्या तोंडूनही निघून गेलं, ‘‘शाब्बास.’’

एकदा निघालं ते निघालंच. पुढचं पोर आलं, डोळा लावला, ‘‘दिसली.’’ ‘‘शाब्बास.’’ त्याच्या पुढचं. ‘‘लई भारी दिसतीया, बाई.’’ ‘‘शाब्बास.’’ एकीनं तर विटा मोजूनही सांगितल्या. पोरांना सवय होती. पुस्तकात जे लिहिलंय ते दिसतं असंच त्यांना आजवर शिकवलं होतं आणि ते बाईंनीच शिकवलं होतं. बाईंना तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, पण त्या उभ्या होत्या आणि शाब्बास म्हणत होत्या.

राजनंदिनी आली. वाकली. कितीतरी वेळ बघत राहिली. स्क्रू वर घेतला, खाली घेतला. सरांनी फोटो काढला, ‘‘हं, झालं, आटपा’’ म्हणाले आणि निघून गेले. नारळ फुटला, खोबरं वाटलं, पोरं दप्तरं उडवत सुट्टीला पळाली. राजनंदिनी तेवढी टेबलापाशी थांबली.

‘‘बाई, समद्यांनी बघितली. मलाच दिसंना. माझ्या डोळ्यात काय खोट हाय का?’’

ती अगदी साध्या आवाजात विचारत होती. हे ऐकून घेणं बाईंना जमलं नाही.

‘‘नाही गं. तुझे डोळे चांगलेत. कुणालाच दिसली नाही. सगळी खोटं बोलली.’’

राजनंदिनी म्हणाली, ‘‘मग तुमी शाब्बास का म्हटलासा?’’

बाई टेबलावरचे बोळे गोळा करायला लागल्या. राजनंदिनीची नजर त्या बोळ्यांवर गेली. तिनं एक उचलून वास घेतला. पुढं होऊन खालचं एक बोंड फिरवून काढलं, खिडकीकडं धरून त्यातून बघितलं. जॉबरची पोरगी, बिघाड कुठं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

‘‘राजनंदिनी, अगं तुला काय माहीत... तू चांगल्या मनानं...’’

तिनं ते बोंड जागेवर बसवलं, नीट आवळलं. मशीनला पाय लागल्यावर करतात तसा त्याला हात लावून कपाळाला लावला. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. बाईंनी दोनदा हाक मारली. बाहेर मागांचा आवाज एवढा होता, की हाक पोचली की नाही ते कळलं नाही.

बाईंनी भाग्यश्रीला सगळं खरं सांगितलं. ती रागावलीही नाही, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं. भिंगं बदलायला पाठवली. राजनंदिनीच्या खोलीवर बाई दिवाळीत दोनदा गेल्या. दोन्ही वेळा ती कांडीवर होती आणि बनाबाईनं पडल्या पडल्या सांगितलं, ‘‘बाई, तिला नका बोलावू. तुमचं नाव काडलं की ती जेवंना.’’

चाचणी झाली. बाईंनी त्यात एक प्रश्न घातला होता, कशासाठी ते त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं: ‘तुम्ही सूक्ष्मदर्शकातून काय पाहिलंत ते लिहा.’ साऱ्या वर्गानं एकसारखं लिहिलं होतं. आम्ही कांद्याच्या पेशी पाहिल्या, त्या विटांच्या भिंतीसारख्या दिसत होत्या, प्रत्येक पेशीत केंद्रक होतं. खाली सुबक आकृती, बाण, नावं. एकही चूक नाही. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.