ग्रंथपालाच्या लोखंडी घोड्या

पुंडलिकरावांचा जीव जळत होता, आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. तीस वर्षं आर्वीच्या आगारात एसटीच्या पोटाखाली काढलेला हा माणूस. निवृत्त होऊन बोरगाव मेघेत राहायला आला, तेव्हापासून गल्लीत एक रीतच पडली होती. कुणाचीही गाडी लांबच्या गावाला निघायची असली की आधी पुंडलिकरावांच्या फाटकासमोर उभी राहायची. ते बॉनेट उघडायला लावत, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकत, टायरवर टाच मारून बघत आणि मग म्हणत, "जाऊ द्या." दसऱ्याला तर गल्लीतल्या चार गाड्या मिळून नागपूरला दीक्षाभूमीवर जात. आदल्या रविवारी त्या चारही गाड्या त्यांच्या दारात रांगेनं लागायच्या आणि त्यांची बायको मंदाबाई चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून खाली काढायची.

यंदा पातेलं माळ्यावरच राहिलं. गाड्या लागल्या त्या समोरच्या रत्नदीपच्या दारात.

हा रत्नदीप कॉलेजात ग्रंथपाल. आयुष्यभर पुस्तकांवरची धूळ झटकलेला माणूस, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून गाडीचं काम शिकला. पहिल्या वर्षी पुंडलिकरावांनी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या वर्षी ते नुसते हसले. तिसऱ्या वर्षी रत्नदीपनं गाडीला लावून बिघाड दाखवणारं एक यंत्र आणलं, आणि शेजारचा सचिन भर रस्त्यात म्हणाला, "काका, तुमी काऊन त्रास घेता आता? रत्नदीपदादाची मशीन सारं सांगते." त्या दिवसापासून पुंडलिकरावांना त्या घरातून येणारा पान्ह्याचा आवाजसुद्धा सहन होईना. सगळ्यात जास्त खुपल्या त्या घोड्या. गाडी जॅकनं उचलली की तिचं ओझं पेलायला खाली ठेवायच्या तीन पायांच्या लोखंडी तिवया. मेकॅनिक लोक त्यांना घोड्या म्हणतात. रत्नदीपनं लाल रंगाची नवीकोरी जोडी मागवली होती, आणि ती गल्लीभर दाखवून झाली होती.

त्या रविवारी इतरांच्या तीन गाड्या आटोपून दुपारी रत्नदीपनं स्वतःची गाडी घेतली. ऑइल बदलायचं होतं. पुंडलिकराव समोरच्या ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. चष्मा वाचण्यापुरता, त्याच्यावरून ते पलीकडचं सगळं बघत होते. पोरगं कुठंतरी चुकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण पोरगं चुकेना. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावले. जॅक फक्त उचलायला वापरला आणि ओझं घोड्यांवर दिलं. शिवाय स्टेपनी काढून दरवाज्याखाली आडवी सरकवली, म्हणजे उद्या काही घसरलंच तर गाडी त्या चाकावर बसेल. शेवटी दोन्ही हातांनी गाडी हलवून बघितली आणि मगच पोतं अंथरून गाडीखाली शिरला. इतकं बिनचूक काम बघून पुंडलिकरावांच्या पोटात दुखायला लागलं.

मग त्यांना डाव्या बाजूची घोडी दिसली.

ती दारातल्या ज्या गट्टूवर, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यावर, उभी होती, त्याच्याखालून जूनमध्ये नळाची लाईन गेली होती. ठेकेदाराच्या माणसांनी खणलेली काळी माती तशीच चरात परत ढकलली, वर टोपलंभर मुरूम टाकला आणि गट्टू जसेच्या तसे बसवून दिले. पुंडलिकरावांनी ते याच ओट्यावरून बघितलं होतं. रत्नदीप तेव्हा कॉलेजात होता. त्यात हस्ताचा पाऊस चारच दिवसांपूर्वी पडून गेलेला. गट्टू वरून कोरडे ठणठणीत असले तरी खाली माती लोण्यासारखी असणार. घोडीखाली एक जाड फळी घातली असती तर ओझं चार गट्टूंवर वाटलं गेलं असतं. कुठल्याच व्हिडिओवाल्याला काळी माती काय चीज आहे ते ठाऊक नसावं.

रत्नदीप पान्हा बदलायला बाहेर आला. तोवर घोडीचा एक पाय बोटभर खाली गेला होता. त्याचं लक्ष नव्हतं. ऑइल सोडायचा चेंबरचा नट घट्ट बसलेला, म्हणून तो लांब दांड्याचा पान्हा शोधत होता. आता आत जाऊन तो जोर लावणार, हे पुंडलिकरावांना कळत होतं.

"रत्नदीप, थांब," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले. पण त्यांच्या मनानं घेतलं, याला मोबाईल सगळं सांगतो ना, मग हेही सांगू दे. घोडी कलेल, गाडी नाकावर बसेल, सगळी गल्ली हसेल. माणूस बाहेर असतानाच ती कलेल, असंही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. रत्नदीप परत आत शिरला. पुंडलिकरावांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला.

दोन मिनिटं झाली असतील. धप्प आवाज आला आणि पाठोपाठ रत्नदीपची किंकाळी.

पुंडलिकराव अनवाणी धावले. गाडी स्टेपनीवर बसली होती, म्हणून छाती वाचली होती. पण उजवं मनगट कलंडलेल्या घोडीखाली चेपलं होतं. त्यांनी मंदाबाईला पाट आणायला ओरडून सांगितलं. जेवायचा तो पाट जमिनीवर ठेवून त्यावर जॅक लावला, गाडी उचलली आणि पोराला पायाला धरून बाहेर ओढलं.  काम त्यांना येतच होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. गल्लीभर एकच बोलणं सुरू झालं, "काका होते म्हणून वाचला." त्याच संध्याकाळी सचिननं आपली गाडी त्यांच्या फाटकासमोर आणून लावली. म्हणाला, "काका, एकडाव तुमीच पाहून घ्या." हवं ते सगळं परत मिळालं होतं. मंदाबाईनं मोठं पातेलं काढलं, आणि पुंडलिकरावांनी आपला कप भरलेलाच बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून रत्नदीप आला. पाया पडला. मग सहज विचारलं, "काका, तुमी तं समोरच बसले होते. घोडी खचतानी दिसली नाई काय?"

"नाई रे बाप्पा," पुंडलिकराव म्हणाले. "लांबचं दिसत नाई आता मले."

मंदाबाई दारात उभी होती. हा माणूस रस्त्याच्या त्या टोकाला आलेल्या एसटीची पाटी वाचतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली.

दसऱ्याला त्यांना मानानं पुढच्या सीटवर बसवलं. नागपूरपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्यांना दिसत होती आणि त्यांनी एकही वाचून दाखवली नाही. रत्नदीपच्या मनातून मात्र ती गोष्ट जाईना. ज्या माणसानं जीव वाचवला, त्याची नजर अधू होऊन चालणार नाही, असं त्यानं ठरवलं. प्लास्टर निघालं, गाडी पुन्हा चालवता येऊ लागली, आणि ते नाही नाही म्हणत असताना तो त्यांना वर्ध्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. पुंडलिकरावांना अगदी तळाची बारीक ओळसुद्धा लख्ख दिसत होती. तिसऱ्या ओळीवर थांबलं असतं तर लांबचा चष्मा लागला असता आणि गोष्ट कायमची मिटली असती. त्यासाठी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्यांना चांगलं जमतं हे त्यांनी एकदा दाखवलंच होतं.

त्यांनी तळाची ओळ वाचली. मग दुसरा डोळा झाकून तीच ओळ पुन्हा वाचली.

"आजोबा, लांबची नजर एकदम साफ आहे तुमची," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर रत्नदीपनं हळूच विचारलं, "मंग त्या दिवशी, काका?"

"दिसली होती. तू पान्ह्यासाठी बाहेर आला, तवाच."

रत्नदीप डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिला. "मंग काऊन नाई सांगतलं?"

"गाड्या तुह्या दारात लागल्या म्हणून," पुंडलिकराव म्हणाले. "जळत होतो मी तुह्यावर."

रत्नदीप पायऱ्या उतरला, गाडीपाशी गेला आणि त्यांच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. पुंडलिकरावांना वाटलं, बोरगाव मेघेपर्यंत पायी जावं. पण पोरगं दार धरून उभंच होतं, म्हणून ते आत बसले.